वस्त्रगाळ कापडाची पिशवी

अप्पा,

आज भर कारखान्यात मी ओरडले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जड बूट, समोर पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी माझ्या मुलाच्या वयाची. मोठा पंखा सुरू करायला एका पोराने बटणावर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब! आधी पीठ घाला!" सगळे वळून बघायला लागले. तो बिचारा म्हणाला, "पीठ, मॅडम?" मग मी सावरून घेतलं. पीठ नाही, चुनखडीची भुकटी म्हणायचं होतं मला. पण तोवर हशा पिकला होता, आणि खरं सांगू का, सगळ्यांत जास्त मीच हसत होते. पुण्याबाहेरचा हा कारखाना काष्ठौषधींची पूड करतो. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, शिकेकाई, सगळं आपलंच सामान. तुम्ही महिनाभर कुटायचात तेवढं ते तासाभरात दळतात. त्या दळणाची धूळ पत्र्याच्या एका उंच खोलीत ओढली जाते. तिथे माझ्याहून उंच अशा शंभरेक कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. हवा कापडातून बाहेर जाते, धूळ आत राहते. त्या पिशव्या करायच्या, हाच माझा धंदा आहे गेली कित्येक वर्षं. आज नव्या पिशव्यांचा पहिला दिवस होता. आधी भुकटी मारली, मग पंखा लावला, आणि धुराड्यातून जी हवा बाहेर आली ती इतकी स्वच्छ की तिथे वाळत घातलेलं धोतरही पांढरंच राहिलं असतं. गाडीत बसून घरी येताना मला एका जागी बसवेना. कुणाला तरी हे सांगायचंच होतं. नवऱ्याला फोन केला, तो "अरे वा" म्हणाला आणि दूध आणायला सांगितलं. तेव्हा कळलं की ज्याला हे सांगण्यात गंमत आहे तो माणूस एकच, आणि त्याला जाऊन तीस वर्षं होत आली.

हे मी पुण्याच्या मराठीत लिहितेय, हसू नका. आपल्या घरची मराठी मी इथे बोलले की लोक आधी गोड म्हणतात आणि मग हळूच विचारतात, तुम्ही नक्की कुठल्या? कुंभकोणम सांगितलं की त्यांना कॉफी आठवते. आम्ही भोसल्यांच्या काळात तिकडे गेलो आणि तिथेच राहिलो हे समजावता समजावता चहा निवतो. तुम्ही देवनागरी स्तोत्रांच्या पुस्तकापुरतीच वाचायचात, अक्षराखाली बोट सरकवत. म्हणून अक्षर मोठं काढतेय, आणि जोडाक्षरं जमतील तेवढी टाळतेय, जमत नाहीयेत ती गोष्ट वेगळी.

देवळाच्या गल्लीतलं ते दुकान मला आजही वासावरून सापडेल. पुढच्या बाजूला मुदलाळी बसायचे. मालकाला आपण तमिळ रीतीने मुदलाळीच म्हणायचो. मागची खोली तुमची. तिला खिडकी एकच, तीही भिंतीच्या फार वर. उखळ, दगडी जातं, नंतर आलेली मोटारीची चक्की, आणि एका दोरीवर ओळीने वाळत घातलेले वस्त्रगाळाचे तुकडे. कुटलेली पूड कापडातून तीनदा गाळायची हा तुमचा नेम. मग चिमटीत घेऊन खालच्या ओठाला लावून पाहायचात. टोचली तर परत गाळायची. बाळंतिणीच्या औषधाची पूड न्यायला तिरुविडैमरुदूरहून बायका बसने यायच्या आणि मुदलाळींना सरळ सांगायच्या, मराठी अय्यांनी, म्हणजे तुम्ही, केलेलीच पाहिजे, दुसरी नको. तुम्ही आत बसून ते ऐकायचात आणि न ऐकल्यासारखं दाखवायचात. तुमच्या आयुष्यात मान होता तो एवढाच, आणि तो त्या धुळीच्या खोलीत होता.

मी नववीत होते त्या उन्हाळ्यात तुम्हाला मेलकावेरीच्या आपल्या घरून दुकानात जाताना नदीचा पूल चढवेना. आधी सायकलवरून उतरून चालायला लागलात, मग पुलाच्या मध्यावर थांबायला लागलात. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, एक तर त्या खोलीतून धूळ जाईल नाहीतर तुम्ही जाल. मुदलाळी भले माणूस. त्यांनी लगेच पुढे गल्ल्याशेजारी बसायची जागा देऊ केली, पगार तोच. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "पुढें बसून मीं काय करूं? दुसऱ्यानें केलेल्या पुड्या बांधूं?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं आणि मला डोळ्यांनी दटावलं की काही विचारू नको. दीपावळीपर्यंत काहीतरी सोय झाली नाही तर त्या वर्षीच्या लेह्याची पूड त्रिचीहून तयार मागवायची, असं मुदलाळींनी ठरवलं होतं. दीपावळीच्या पहाटे अख्खं गाव तेल लावून न्हातं आणि फराळाच्या आधी चमचाभर लेह्य, म्हणजे ते औषधी चाटण, खातं. त्या चमच्यात तुमची पूड नसणार, हे तुम्हाला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

आणि मग आडी महिन्यात, इथल्या आषाढ-श्रावणात, व्हॅक्यूम क्लीनर आला! अप्पा, तो दिवस आठवतोय का? बँकेतल्या साहेबांची उत्तरेकडे बदली झाली, त्यांनी सामान विकायला काढलं, आणि मुदलाळींनी ते यंत्र घेऊन सायकल-रिक्षातून दुकानात आणलं. लाल रंगाचं, डब्यासारखं, खाली चाकं, पुढे सोंड. गल्लीतल्या कुणीच असं काही पाहिलं नव्हतं. फुलवाली टोपली घेऊन आत आली, समोरचा शिंपी कात्री हातात घेऊनच आला. तुम्ही मुद्दाम शिकेकाईचा दिवस धरलात. शिकेकाई दळायची म्हणजे गल्ली शिंकायची, हे ठरलेलं. चक्की सुरू झाली, तुम्ही सोंड चक्कीच्या तोंडाशी धरलीत, आणि कुणी शिंकलं नाही! शिंपी वाट बघत उभा होता शिंकायची. शेवटी निराश होऊन परत गेला. मी डबा घेऊन आले होते, मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मला तमिळमध्ये गप्प बसवलंत आणि स्वतः मात्र सोंड हातातून सोडली नाहीत. यंत्राची वायर आखूड होती. ते एकाच जागी मावायचं, तोंड चक्कीकडे आणि ओढलेली हवा बाहेर सोडणारी पाठ तुमच्या पाटाकडे, डाव्या हाताला.

यंत्राच्या पोटात कागदाची पिशवी असते हे आपल्याला चौथ्या दिवशी कळलं, ओढ कमी झाली तेव्हा. पाकिटात पाच पिशव्या होत्या. वर इंग्रजीत छापलेलं मी वाचून दाखवलं, की भरली की टाकून द्या, परत वापरू नका. तुम्ही म्हणालात, "असें कोण लिहितें? ज्यानें पिशवी विकायची तोच कीं नाहीं?" मुदलाळींनी मद्रासला पत्र घातलं. उत्तर आलं ते वाचून ते बराच वेळ पंख्याने वारा घेत बसले. एका पिशवीची किंमत आणि पार्सलचा खर्च मिळून तुमची एका दिवसाची मजुरी व्हायची. साहेबांच्या घरी एक पिशवी तीन-चार महिने पुरायची म्हणे. तुमच्याकडे ती तीन दिवसांत कोंदून जायची. म्हणजे दर तीन दिवसांतला एक दिवस तुम्ही नुसते पिशवीसाठी कुटणार. मुदलाळी भले होते, पण इतके नाही. आणि कोण असतं?

मग तुम्ही तेच केलंत जे आपल्या घरात प्रत्येक वस्तूचं होतं. पिशवीचं चिकटवलेलं बूड पाण्याने अलगद सोडवायचं, मागच्या अंगणात ती झटकायची, बूड तांदळाच्या खळीने परत चिकटवायचं, उन्हात वाळवायची. पाच पिशव्या तुम्ही दीड महिना चालवल्यात. पण झटकताना काय व्हायचं ते मी एका शनिवारी पाहिलं. नाकाला ओला पंचा बांधून तुम्ही पिशवी पालथी केलीत, आणि तीन दिवसांत खोलीत उडाली नसती एवढी धूळ एका झटक्यात तुमच्या अंगावर आली. नंतर तुम्ही विहिरीच्या कठड्याला धरून उभे होतात. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. मी पाणी दिलं ते तुमच्या हातातून सांडलं. बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य काय होतं? "मुदलाळीला सांगूं नको." आणि त्याच आठवड्यात पाचवी पिशवी घडीवर फाटली.

ती फाटली त्या दिवशी रात्रीपर्यंतही मी थांबले नाही, संध्याकाळीच तुमच्यापुढे येऊन उभी राहिले आणि म्हणाले, मी शिवते पिशवी. कापडाची. मला तुमच्याकडचं सगळ्यात बारीक कापड द्या. तुम्ही पेटीतून जुन्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, तो तुकडा काढून दिलात, शंभरदा धुतलेला, तान्ह्या बाळांच्या पुडीसाठी राखून ठेवलेला. "ह्याहून बारीक कापड कुंभकोणांत मिळायचें नाहीं," म्हणालात, आणि तो अभिमान मलाही चढला. तुमच्या-माझ्या दोघांच्याही डोक्यात एकच, सगळ्यात बारीक धुळीला सगळ्यात बारीक कापड. फाटलेल्या कागदी पिशवीची पुठ्ठ्याची चकती कापून घेतली, यंत्रात बसायचा भाग तोच होता. ती कापडाला दुहेरी टाक्यांनी शिवली. आईच्या हातमशीनवर बाजू मारल्या. बूड शिवलंच नाही. ते तीनदा दुमडायचं आणि वर चिरलेल्या कळकाची चिप सरकवायची. रिकामी करायची तर चिप काढा, तोंड ओल्या पोत्यात धरून हलवा, धूळ पोत्यात. अंगणात झटकणं नाही, पंचा नाही, विहिरीचा कठडा नाही. मला तर रात्रभर झोप नव्हती, पण ते तुम्हाला माहीत आहे, मी तुम्हालाही झोपू दिलं नव्हतं.

आणि काय ओढ होती त्या पिशवीची! कागदीच्या दुप्पट. सोंड चक्कीजवळ नेली की दोरीवरचे कापडाचे तुकडे तिच्याकडे झुकायचे. मुदलाळी पुढचं गिऱ्हाईक सोडून आत आले. तुम्ही माझ्याकडे न बघता त्यांना सांगितलंत, "माझ्या पोरीनें शिवली." बस्स, एवढंच. मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. विज्ञानाच्या बाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला सरळ प्रदर्शनात उभं केलं. मोठा तक्ता केला मी, लाल शाईने. एका बाजूला वर्षभराच्या कागदी पिशव्यांचा खर्च, पिशव्यांची चित्रं काढून काढून हात दुखला. दुसऱ्या बाजूला एकच कापडी पिशवी आणि एक कळकाची चिप. प्रदर्शनाच्या शनिवारी तुम्ही मुदलाळींकडून अर्धा दिवस मागून घेतलात, यंत्र रिक्षात घालून घेऊन आलात, इस्त्रीची वेष्टी नेसून. मी फळ्याखालचा खडू ओढून दाखवला. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्या बाई वाकून बघत होत्या. तेव्हा तुम्ही, माझे अप्पा, जे परक्यापुढे तोंड उघडत नसत, पुढे झालात आणि आपल्या भाषेत मला विचारलंत, "मागून कायीं येत नाहीं कीं गे?" मी म्हटलं, "नाहीं, अप्पा." तुम्ही वळून पाहुण्या बाईंना तमिळमध्ये सांगितलंत की मागून काहीही येत नाही. मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा झाकणाचा डबा. आई अजून, म्हणजे ती होती तोपर्यंत, त्यात उडीद डाळ ठेवायची.

त्यानंतर तुमचा खोकला वाढला. तुम्ही म्हणायचात हवा बदलली, पुरट्टासी महिना लागला, वगैरे. शोध लावला आईने. बक्षिसानंतर आठवड्याने, रविवारी, ती तुमचे कपडे भिजवायला बसली होती. सदरा उजेडात धरून ती म्हणाली, "अवघी पूड डाव्या खांद्यावरच कशी हो? उजवा खांदा दुकानांत नेत नाहीं काय तुम्ही?" तुम्ही हसलात. आईने हसण्यावर नेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात आली, जी कधी येत नसे, मला घेऊन, आणि पावसाची काळी छत्री घेऊन. चक्की लावायला लावली, यंत्र लावायला लावलं, आणि छत्री उघडून यंत्राच्या पाठीमागे धरली. आपण तिघं उभे. सुंठ दळत होती. थोड्याच वेळात काळ्या कापडावर पांढुरकं ऊन पडल्यासारखं दिसायला लागलं. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि बोट तुमच्यापुढे धरलं. तुम्ही ते चिमटीत घेतलंत, सवयीने खालच्या ओठाला लावलंत. तुमचा चेहरा असा झाला! "बहु सुरेख गाळलीय गे," म्हणालात, आणि खोकला येईपर्यंत हसत सुटलात. कारण ते खरंच होतं. तीनदा गाळलेल्या पुडीहूनही बारीक. जे कापड तुम्ही तीस वर्षं पूड गाळायला वापरलंत, ज्यातून सगळ्यात बारीक पूड खाली पडते म्हणून तर ते राखून ठेवलं होतंत, तेच आपण धूळ अडवायला लावलं होतं! भरड धूळ पिशवीत आणि सगळ्यात वाईट, छातीत जाऊन बसणारी, ती थेट तुमच्या डाव्या कानाशी. जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. ती करायला वस्त्रगाळाचा अभिमान असलेलं घर लागतं.

मी रडायला लागले. तुम्ही रागावलात, पण पिशवीवरून नाही, रडण्यावरून. "पोदुम्, पुरे आतां. कापड कोणीं दिलें? मीं दिलें. चूक माझी." मुदलाळी आत आले, त्यांनाही तुम्ही तेच सांगितलंत, चूक माझी. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तिथेही. त्यांनी तुम्हाला बरंच सुनावलं, जन्म गेला या धंद्यात आणि एवढं कळू नये म्हणून, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. दीपावळीला चार आठवडे उरले होते. मुदलाळींनी त्रिचीला पत्र लिहायला कागद काढला.

आणि आता ऐका, कारण ही गोष्ट मी आजपर्यंत शेकडो लोकांना सांगितली आहे आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. यंत्र बंद होतं, तुम्ही पुन्हा हातानेच गाळत बसला होतात. गाळता गाळता कापड झटकलंत आणि वैतागून म्हणालात, "सेरि, भरलें हें. आतां कायीं पडत नाहीं." हे वाक्य तुम्ही रोज दहादा म्हणायचात. कापडाच्या छिद्रांत पूड बसली की ते गाळायचं थांबतं, मग धुवायला टाकायचं आणि दुसरं घ्यायचं. मी उभी होते डबा हातात घेऊन. भरलं की पडत नाही! तुमची रोजची कटकट हीच तर मला हवी होती! मला गाळणारं कापड नको होतं, भरलेलं कापड हवं होतं, गाळायचं थांबलेलं! मी डबा तिथेच ठेवला आणि पळत समोरच्या शिंप्याकडे गेले. त्याच्याकडे लहान मुलांच्या अंगड्यांचं लवदार फ्लॅनेल उरलं होतं. लव आतल्या बाजूला ठेवून नवी पिशवी शिवली. आणि यंत्राला लावल्यावर, एक कणही धूळ ओढायच्या आधी, आईच्या डब्यातलं कोलमचं, म्हणजे दारातल्या रांगोळीचं, तांदळाचं पीठ दोन मुठी सोंडेतून आत ओढलं. पीठ लवेत जाऊन बसलं. मग चक्की. मग छत्री. तुम्ही छत्री धरली होतीत या वेळी. काळीच राहिली. तुम्ही ती जवळ धरलीत, लांब धरलीत, ओल्या हाताने पुसून हात पाहिलात. मुदलाळी म्हणाले आणखी थोडा वेळ दळा. दळलं. काळीच. अप्पा, त्यानंतर मी मोठमोठ्या परिषदांत बोलले, परदेशात जाऊन आले, पण तसं उड्या मारणं पुन्हा झालं नाही.

मजा म्हणजे ती पिशवी करण्यापेक्षा न धुता ठेवणं आपल्याकडे अवघड होतं. पहिल्याच शनिवारी आईने ती घरी नेली, सोवळ्यातल्या माणसाला ते मळकं कापड बघवेना, आणि स्वच्छ धुऊन, निळीत बुडवून, घडी करून परत दिली. सोमवारी छत्री पांढरी! तिला किती समजावलं. मळानेच मळ अडतो हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "असली विद्या मला नको," म्हणायची. शेवटी ती पिशवी घरात आणायचीच नाही असं ठरलं. ती दुकानात खिळ्याला राहिली, आणि त्रिचीचं पत्र मुदलाळींच्या खिशातच राहिलं. त्या वर्षीचं लेह्य तुमच्या पुडीचं झालं. दीपावळीच्या पहाटे शेजारच्या मामी वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यंदाचं जास्त मऊ आहे. तुम्ही ऐकलंत आणि पंचा शोधायच्या निमित्ताने आत गेलात. पुढची सहा वर्षं तुम्ही त्याच खोलीत बसलात, पूलही हळूहळू चढायला लागलात. मुदलाळींनी तिरुविसनल्लूरच्या त्यांच्या भावाच्या गिरणीसाठीसुद्धा माझ्याकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या.

मला पहिली नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही गेलात, तापाने, चार दिवसांत. मी पोचले तेव्हा डॉक्टर दारातच भेटले. मी त्यांना विचारलं, छाती तर नव्हती ना? ते नाही म्हणाले. मी जिन्यात परत विचारलं. निघताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि नाही गं, असं मराठी येत असल्यासारखं काहीतरी म्हणाले.

ही गोष्ट मी जिथे तिथे सांगते. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच सांगते, वस्त्रगाळ कापड, छत्री, पीठ, निळीत बुडवलेली पिशवी. पोटभर हसतात. मी सांगताना म्हणते, माझ्या वडिलांनी आणि मी मिळून केलेली चूक. आजही गाडीतून उतरायच्या आधी ड्रायव्हरला सांगून झाली. पण कागदावर लिहिताना ती तशी लिहिता येत नाहीये, आणि हे काही टपालपेटीत पडणार नाही, कपाटातच राहील, तेव्हा तुम्हाला तरी नीट सांगते. प्रदर्शन शनिवारी होतं. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी डबा घेऊन आले, तेव्हा तुम्ही हात धुवायला मागे गेला होतात आणि यंत्र चालूच होतं. माझ्या कंपासपेटीत छोटा आरसा असायचा. नुसती गंमत म्हणून मी तो यंत्राच्या पाठीशी धरला. त्यात माझा चेहरा हळूहळू दिसेनासा झाला. मी बोटाने रेघ ओढली, रेघ स्पष्ट उमटली. मला तेव्हाच कळलं, अप्पा, सगळं कळलं. तुमची पावलं ऐकू आली आणि मी आरसा परकराला पुसून पेटीत टाकला. तक्ता रंगवून झाला होता, नाव पुकारलं जाणार होतं. शनिवार होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. शनिवारी तुम्हीच विचारलंत, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर आईने छत्री काढेपर्यंत आणखी एक आठवडा गेला. त्या आठवड्यात मी पाच वेळा डबा घेऊन दुकानात आले. पाचही वेळा तुम्ही यंत्राशेजारी पाटावर बसून खोकत होतात, आणि मी डबा खाली ठेवून शाळेत गेले.